खरा नकार : गुलमंडीतली दुकाने आणि डीएनएसची वाकडी वाट

पैठण गेटकडून टिळकपथाने गुलमंडीकडे चालत येताना नजर जरा वर ठेवली, की साड्यांच्या आणि ड्रेस मटेरियलच्या पाट्यांवर आणखी एक पसारा दिसतो. खांबावरून गॅलरीत, गॅलरीतून समोरच्या गच्चीवर आणि तिथून मागच्या गल्लीतल्या वाड्यात गेलेल्या काळ्या केबल. लोक गुलमंडीत खरेदीला येतात, मी त्या केबलसाठी येतो. इथल्या दुकानांत नेटवर्क लावणे आणि बिघडले की दुरुस्त करणे हा माझा बरीच वर्षे चाललेला उद्योग आहे. दिवाळीच्या आधीचा पंधरवडा त्यातला सर्वांत धावपळीचा.

एखाद्या मध्यम दुकानात आता किती यंत्रे असतात ते बघा. गल्ल्यावर बिलाचा संगणक, त्याला बारकोडची मशीन, शेजारी थर्मल प्रिंटर, माळ्यावर मुनीमजींचा टॅलीचा संगणक, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, शेठजींचा मोबाइल आणि आलेल्या गिऱ्हाइकांसाठी वायफाय. या सगळ्यांनी एकमेकांना शोधून काढायचे असते. ते जमले नाही की फोन येतो, आणि फोनवर दोनच तक्रारी असतात. पहिली : "सर, प्रिंटर दिसंना गेलाय." दुसरी : "काही टाकलं की जाहिरातीचंच पान उघडू लागलंय." वरवर पाहता या दोन तक्रारींचा संबंध नाही. माझा अनुभव असा, की पुष्कळदा त्यांचे मूळ एकच असते. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहायला बसलो.

आधी शोधाशोधीबद्दल. नेटवर्कवर नवा संगणक आला की त्याला दोन प्रश्न पडतात : इथे कोण कोण आहे, आणि अमुक नावाचा कोण आहे. कार्यालयांतल्या छोट्या जाळ्यांसाठी १९८३ साली नेटबायोस आले. त्यात संगणकाचे नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचे असू शकते, सोळावी जागा सेवेच्या प्रकारासाठी राखलेली. ही मर्यादा आजही विंडोजमध्ये पाळली जाते. छत्रपती संभाजीनगर हे आपल्या शहराचे नवे नाव रोमन लिपीत सलग लिहिले तर २४ अक्षरे होतात, म्हणून मी दुकानदारांना शाखेच्या संगणकाला 'गुलमंडी-१', 'गुलमंडी-२' अशी छोटी नावे द्यायला सांगतो. नाव छापील चिठ्ठीने मॉनिटरला चिकटवूनही ठेवतो. पुढच्या दुरुस्तीवाल्याचा त्यामुळे बराच वेळ वाचतो.

नेटबायोसनंतर ॲपलने २००२ मध्ये राँदेव्हू आणले. २००५ मध्ये त्याचेच नाव बॉनजूर झाले. स्टुअर्ट चेशायर या अभियंत्याचे हे काम, आणि माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत देखणे काम. मधे कोणताही सर्व्हर नाही. संगणक २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर विचारतो, "अमुक डॉट लोकल कोण?" आणि ज्याचे ते नाव असेल तो स्वतः उत्तर देतो. याला एमडीएनएस म्हणतात आणि २०१३ मध्ये ते रीतसर प्रमाणित झाले. तुमच्या मोबाइलला प्रिंटर कोणतीही जुळवणी न करता सापडतो तो याच्यामुळे. मायक्रोसॉफ्टने याच धर्तीवर एलएलएमएनआर बनवले, त्याचे पोर्ट ५३५५. विंडोजच्या 'नेटवर्क' खिडकीत शेजारचे संगणक दाखवायला आता डब्ल्यूएस-डिस्कव्हरी वापरतात, त्याचे पोर्ट ३७०२. हे आकडे पाठ करायची गरज नाही, पण फायरवॉल उघडून बसलेल्या माणसाला ते लागतात.

इथे २०१७ सालची एक घटना सांगायलाच हवी. त्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला. एसएमबी-१ या फाइल वाटण्याच्या जुन्या पद्धतीतल्या छिद्रातून तो पसरत होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीत एसएमबी-१ मूळ बसवणुकीतून वगळला जाऊ लागला. सुरक्षिततेसाठी ते योग्यच होते. पण 'नेटवर्क' खिडकीत संगणकांची यादी दाखवण्याची जुनी व्यवस्था एसएमबी-१ वर उभी होती, त्यामुळे ती खिडकी रिकामी दिसू लागली. यावर कित्येक ठिकाणी एसएमबी-१ पुन्हा चालू करण्याचा तोडगा काढलेला मी पाहिला आहे. तो कृपा करून काढू नका. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' नावाची सेवा असते. ती ज्याला दिसायचे आहे त्या संगणकावर 'ऑटोमॅटिक' करा, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते.

यंत्रे न दिसण्याचे दुसरे कारण आणखी साधे. विंडोज जाळ्याची ओळख राउटरवरून ठेवते. राउटर बदलला की तिला वाटते आपण नव्या ठिकाणी आलो. ती त्या जाळ्यावर 'पब्लिक' असा शिक्का मारते आणि संगणक स्वतःला लपवून घेतो. इंटरनेट कंपनीचा माणूस नवा राउटर लावून, मोबाइलवर वेग दाखवून निघून जातो आणि तासाभराने "प्रिंटर दिसंना गेलाय" सुरू होते. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन 'प्रायव्हेट' निवडायचे, की झाले. हे फक्त आपल्या दुकानाच्या आणि घराच्या जाळ्यावर करायचे, स्टेशनच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर कधीच नाही.

तिसरे कारण मात्र खास आमच्या जुन्या शहराचे. रंगार गल्ली, मछली खडक, गुलमंडी या भागात अजून जाड भिंतींचे वाडे आहेत. पुढे दुकान, मागे गोदाम, मधे अशी भिंत की वायफाय पलीकडे पोचतच नाही. मग दुकानदार दुसरा राउटर आणतो आणि पहिल्या राउटरची वायर त्याच्या वॅन पोर्टात खोचतो. इंटरनेट चालते, त्यामुळे सगळे खूश. प्रत्यक्षात दुकानात दोन वेगळी जाळी तयार झालेली असतात आणि शोधाच्या या हाका राउटर ओलांडून जात नाहीत. गोदामातल्या संगणकाला गल्ल्यावरचा प्रिंटर दिसणे मग शक्यच नसते. दुसऱ्या राउटरची पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा बंद करून वायर त्याच्या लॅन पोर्टात लावली, किंवा त्याला 'ॲक्सेस पॉइंट' या प्रकारात बसवले, की दोन्हीकडची यंत्रे एका जाळ्यात येतात.

आता डीएनएस. त्याचा इतिहास थोडक्यात उरकतो. आरंभी अमेरिकेतल्या अर्पानेटवरच्या सगळ्या संगणकांची नावे एका फाइलीत असत. ती फाइल एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालचे केंद्र सांभाळी. संगणक वाढले, फाइल पुरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची वाटून दिलेली व्यवस्था रचली, तीच डीएनएस. आपल्याकडचा डॉट इन हा विभाग १९८९ मध्ये मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे आला, २००५ पासून तो निक्सी या संस्थेकडे आहे. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते विदेश संचार निगमकडून, १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

मुंबईला गेलो असताना मुद्दाम जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोड क्रमांक ९ वर जाऊन आलो. डॉट इन सांभाळणारी ती नॅशनल सेंटर संस्था इथलीच, पुढे ती सी-डॅकमध्ये सामील झाली. तिचे संचालक श्रीनिवासन रमणी यांना २०१४ मध्ये 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळाले. त्याच २०१४ च्या ऑगस्टमध्ये देवनागरीतले 'डॉट भारत' सुरू झाले, मराठीसकट. म्हणजे दुकानाचा पत्ता पूर्णपणे मराठी अक्षरांत घेता येतो. गुलमंडीत असा पत्ता घेतलेला दुकानदार मला अजून भेटलेला नाही, याचे मनापासून वाईट वाटते.

तर मूळ मुद्दा. डीएनएसला नाव विचारले की तो पत्ता देतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण विचारलेले नाव अस्तित्वातच नसेल तर? तर त्याने 'एनएक्सडोमेन' असे उत्तर द्यायचे असते. त्याचा संकेतांक ३. म्हणजे स्पष्ट, अधिकृत नकार : असे नाव नाही. मला डीएनएसमधले सर्वांत प्रिय काही असेल तर हा नकार. यावर अख्खे प्रमाण दस्तऐवज लिहिले गेले आहेत. १९९८ चा एक दस्तऐवज नकार किती वेळ लक्षात ठेवायचा ते सांगतो. २०१६ चा दुसरा सांगतो, की एकदा नकार मिळाला की त्या नावाच्या पोटातही काही नसते. डीएनएसमध्ये सह्यांची व्यवस्था आली, मूळ क्षेत्रावर २०१० च्या जुलैमध्ये सही झाली, तेव्हा नसलेल्या गोष्टीवर सही कशी करायची हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर सुरेख आहे. क्रमाने लागलेल्या दोन नावांवर सही करून सांगायचे, की यांच्या मधे काहीच नाही. असा सिद्ध केलेला नकार खोटा पाडता येत नाही.

या नकारात पैसा दिसला तो २००३ मध्ये. डॉट कॉम आणि डॉट नेट सांभाळणाऱ्या व्हेरिसाइनने १५ सप्टेंबर २००३ रोजी 'साइट फाइंडर' सुरू केले. कुणीही चुकीचे डॉट कॉम नाव टाकले तरी नकाराऐवजी कंपनीच्या स्वतःच्या पानाचा पत्ता मिळू लागला. लोकांना वाटले, टायपिंग चुकले तर मदतच मिळते आहे. पण डीएनएस फक्त ब्राउझर वापरत नाही. पाठवणाऱ्याचे डोमेन खरेच आहे का, हे पाहून खोटी पत्रे गाळणारे मेल सर्व्हर एकदम आंधळे झाले, कारण आता प्रत्येक डोमेन 'आहे' असेच उत्तर येत होते. जगभरातून ओरड झाली, नावांच्या जागतिक व्यवस्थेवर देखरेख ठेवणाऱ्या आयकॅनने दटावले आणि ४ ऑक्टोबरला ती सेवा थांबवावी लागली. वरच्या स्तरावर हे बंद झाले, तरी खालच्या स्तरावर तीच युक्ती अनेक देशांतल्या इंटरनेट कंपन्यांनी आपापल्या सर्व्हरवर चालवली.

तिचे प्रमाण इतके होते, की क्रोम ब्राउझर सुरू होताच मुद्दाम तीन निरर्थक नावे विचारायचा. त्यांतल्या किमान दोघांना एकच पत्ता आला, की त्याला कळे की इथे नकार चोरला जातो आहे. युक्ती चोख होती. तिचा परिणाम मात्र कुणी कल्पिला नव्हता : २०२० मध्ये झालेल्या पाहणीत मूळ सर्व्हरांकडे येणाऱ्या एकूण प्रश्नांपैकी जवळजवळ निम्मे प्रश्न या निरर्थक नावांचेच निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस क्रोमने ती पद्धत बदलली आणि मूळ सर्व्हरांवरचा भार ठळकपणे उतरला. खालच्या कुणीतरी चार जाहिराती दाखवाव्यात म्हणून जगाच्या मुळाशी असलेल्या यंत्रांनी निम्मा वेळ नकार देण्यात घालवावा, याचा मला आजही राग येतो.

याचा गुलमंडीतल्या प्रिंटरशी काय संबंध? इथे दोन्ही तक्रारी जुळतात. एका साड्यांच्या दुकानात गल्ल्यावरच्या संगणकाचे नावच 'गल्ला' ठेवलेले होते. माळ्यावरचे मुनीमजी टॅली उघडत ते या नावाने. राउटर बदलला आणि टॅली उघडेना. मुनीमजी म्हणाले, "अहो सर, काल संध्याकाळपर्यंत चालू होतं की. आता ब्राउझरात गल्ला टाकलं तर कर्जाची जाहिरात यायलीय." शेठजींना वाटत होते विषाणू शिरला. मी विषाणूऐवजी नावाचा माग काढला.

विंडोज 'गल्ला' असे एकाकी नाव घेते, त्याला राउटरने दिलेले शेपूट, म्हणजे डोमेनचा प्रत्यय, जोडते आणि आधी डीएनएसला विचारते. तिकडून 'असे नाव नाही' हे उत्तर आले, तरच ती शेजाऱ्यांकडे वळते, एलएलएमएनआर आणि नेटबायोसने हाक मारते, आणि मग दहा फुटांवरचा गल्ला ओ देतो. शेजाऱ्यांना हाक मारण्याच्या या दोन्ही पद्धती डीएनएसच्या नकारावर टेकलेल्या आहेत. नव्या राउटरमागचा सर्व्हर प्रत्येक नसलेल्या नावाला जाहिरातीच्या यंत्राचा पत्ता देत होता. संगणकाला वाटले गल्ला सापडला, त्याने शेजाऱ्यांना विचारलेच नाही. टॅली त्या परक्या पत्त्यावर जाऊन ताटकळत बसली.

दुरुस्ती कशी केली? आपल्या शहरात मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी जमिनीखालून नहर आणली. तिच्यावर ठिकठिकाणी तपासणीची तोंडे ठेवली, म्हणजे पाणी गढूळ आले तर नळापासून उगमाकडे एकेक तोंड उघडून बघता यावे, की गढूळपणा कुठून सुरू होतो. डीएनएसचेही तसेच करायचे. पहिले तोंड म्हणजे संगणक स्वतः. त्यात होस्ट्स नावाची फाइल असते, फाइनलर यांच्या काळातल्या त्या फाइलीचीच वंशज, आणि तिच्यात लिहिलेले डीएनएसच्या आधी वाचले जाते. विषाणूंना ती फार आवडते. मग आयपीकॉन्फिग ही आज्ञा 'ऑल'सह देऊन संगणक कोणत्या डीएनएस सर्व्हरला विचारतो ते पाहायचे. हा पत्ता अनोळखी असेल तर गंभीर गोष्ट. एस्टोनियातल्या एका टोळीने डीएनएसचेंजर नावाच्या विषाणूने जगभरातल्या चाळीस लाखांच्या आसपास संगणकांचे हे पत्ते बदलून टाकले होते. २०११ च्या नोव्हेंबरात टोळी पकडली गेली, पण तिचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर लाखोंचे इंटरनेट थांबले असते. म्हणून त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले.

दुसरे तोंड राउटरचे. राउटरचा मूळ पासवर्ड तसाच ठेवला तर त्याचे डीएनएस बाहेरून बदलता येते. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास पंचेचाळीस लाखांवर मॉडेमांचे डीएनएस त्यांच्यातल्या सुरक्षेच्या छिद्रातून बदलले गेले आणि बँकेचे नाव टाकणारी माणसे खोट्या पानांवर पोचली. राउटर तपासताना आयपीव्ही-६ ची बाजूही पाहायचीच. पुष्कळ जण जुन्या आयपीचे डीएनएस बदलतात आणि आयपीव्ही-६ मधून आलेला सर्व्हर तसाच राहतो. संगणक त्यालाच विचारत राहतो आणि माणूस म्हणतो, "बदललं तरी काही फरक पडंना."

तिसरे तोंड इंटरनेट कंपनीचे. एनएसलुकअप या आज्ञेने एखादे अर्थहीन नाव, शेवटी पूर्णविराम देऊन, आधी कंपनीच्या सर्व्हरला आणि मग गूगलच्या ८.८.८.८ ला थेट विचारायचे. पूर्णविराम दिला नाही तर शेपूट जोडले जाऊन निकाल फसवा येतो. गूगलचा सर्व्हर नकार देतो आणि कंपनीचा पत्ता देतो, तर दोष कंपनीच्या सर्व्हरमध्ये. दोन्हीकडून तोच पत्ता आला, तर ५३ क्रमांकाच्या पोर्टावरचे सगळे प्रश्न वाटेतच कुणीतरी अडवून उत्तरे देतो आहे. तेव्हा उपाय एकच : प्रश्न कूटबद्ध करून पाठवायचे. अँड्रॉइड ९ पासून 'प्रायव्हेट डीएनएस'ची सोय आहे, विंडोज ११ मध्येही एचटीटीपीएसवरून डीएनएस चालते. सरकारी आदेशाने बंद केलेली संकेतस्थळे अडवण्यासाठीही कंपन्या डीएनएस वापरतात. तो कायद्याचा वेगळा विषय आहे, त्याची या जाहिरातींशी गल्लत करू नये.

त्या साड्यांच्या दुकानात दोष तिसऱ्या तोंडाशी निघाला. राउटरच्या आतल्या बाजूला वरचा सर्व्हर बदलला, दोन्ही आयपींसाठी. शेपूट बदलून 'इंटर्नल' केले. आयकॅनने २०२४ च्या जुलैमध्ये हे शेपूट खाजगी जाळ्यांसाठी कायमचे राखून ठेवले आहे, त्यामुळे ते बाहेर कुणालाही विकले जाणार नाही. मुनीमजींच्या संगणकात फ्लशडीएनएसने जुनी उत्तरे पुसली, जाळे 'प्रायव्हेट' केले. टॅली उघडली. मुनीमजींनी लगेच मागच्या दिवसाची बिले चढवायला घेतली.

एक मत ठामपणे मांडतो. प्रत्येक संगणकात हाताने ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून टाकणे ही दुरुस्ती नव्हे. त्यामुळे राउटरला माहीत असलेली घरातली नावे संगणकाला कळत नाहीत आणि पुढच्या माणसाला प्रत्येक यंत्र उघडून बघावे लागते. संगणकांनी राउटरला विचारावे आणि राउटरने प्रामाणिक सर्व्हरला. गिऱ्हाइकांचे वायफाय पूर्ण वेगळे ठेवावे. एलएलएमएनआरच्या हाकेला खोटी ओ देऊन पासवर्डाचा अंश चोरणारी साधने उघड उपलब्ध आहेत, आणि दुकानाच्या जाळ्यात परका मोबाइल आला म्हणजे ती शक्यताही आली.

दिवाळीत गल्ल्याची पूजा कराल, चोपड्या बदलाल, तेव्हा राउटरकडेही अर्धा तास द्या. मूळ पासवर्ड बदला, डीएनएसचे पत्ते दोन्ही आयपींसाठी तपासा, आणि मनाला येईल ते अर्थहीन नाव एनएसलुकअपला विचारा. उत्तर 'नॉन-एक्झिस्टंट डोमेन' असेच आले पाहिजे. पत्ता आला, तर त्याचा फोटो काढून तुमच्या इंटरनेट कंपनीकडे लेखी तक्रार करा. नकार खरा मिळणे हा पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकाचा हक्क आहे.